फर्मवेअरच्या नावाखाली उकळलेले पैसे: ब्लू-रे प्लेअरच्या दुरुस्तीत आमची झालेली फसवणूक

ब्लू-रे प्लेअर वापरणारी घरे आता कमी राहिली असली, तरी ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्याकडे बहुधा डिस्कचा जपलेला संग्रहही असतो. अशा लोकांना, विशेषतः ज्येष्ठांना, ठरवून लुबाडणारे दुरुस्तीवाले आहेत, हे आमच्या घरी नुकतेच अनुभवास आले. त्यांची पद्धत इतरांच्या वेळीच लक्षात यावी, म्हणून सर्व हकिगत तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या सासऱ्यांना जुने चित्रपट आणि संगीताच्या मैफली पाहण्याचे वेड आहे. गेल्या दिवाळीत माझे दीर न्यू जर्सीहून पुण्यास आले, तेव्हा त्यांनी वडिलांसाठी काही ब्लू-रे डिस्क आणि एक डीव्हीडी आणली. ब्लू-रे डिस्क घातल्यावर पडद्यावर ‘या रीजनमध्ये ही डिस्क चालणार नाही’ अशा अर्थाचा संदेश येई (रीजन म्हणजे डिस्क आणि प्लेअरसाठी ठरवलेले जगाचे विभाग). एका डिस्कची गोष्ट मात्र वेगळी होती. ती घातल्यावर कोणताही संदेश येत नसे, फक्त ‘लोडिंग’ची खूण फिरत राही आणि मेनू काही उघडत नसे. पुण्यात घेतलेल्या जुन्या ब्लू-रे डिस्क त्याच प्लेअरवर व्यवस्थित चालत होत्या. दिरांनी परत जाण्यापूर्वी सेटिंगमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’च्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. मॉडेल कोणते आणि फर्मवेअर, म्हणजे प्लेअरला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, कितवे, हे सवडीने पाहता यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे हाच फोटो आमच्या फार कामी आला.

सासऱ्यांनी प्लेअर एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने एक डिस्क घालून पाहिली आणि लगेच निदान सांगितले, “काका, सॉफ्टवेअर जुनं झालंय. नवीन मारून देतो, ऑल रीजन करून देतो. पण लेन्सही वीक झालीय, तीही बदलावी लागेल.” सगळे मिळून 4,200 रुपये सांगितले. दोन दिवसांनी प्लेअर परत देताना त्याने दिरांनी आणलेली अमेरिकन डीव्हीडी समोर लावून दाखवली आणि ती चालली. सासऱ्यांचा विश्वास बसला आणि त्यांनी पैसे दिले. पक्के बिल मात्र मिळाले नाही. एका चिठ्ठीवर ‘लेन्स + सॉफ्टवेअर’ आणि रक्कम, एवढेच लिहिलेले होते.

घरी आल्यावर अमेरिकन ब्लू-रे डिस्कवर पुन्हा तोच संदेश दिसला. फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाला, “डिस्क डुप्लिकेट असतील, काका.” पुढे त्याने असेही सांगितले की कंपन्या सारखी नवी व्हर्जन काढत असल्यामुळे वर्षभराचा ‘अपडेट करार’ केला, तर ही अडचणच राहणार नाही. त्या कराराचे 1,500 रुपये त्याने सासऱ्यांकडून आगाऊ घेतले, प्लेअर पुन्हा ठेवून घेतला आणि नवे व्हर्जन टाकल्याचे सांगून परत दिला.

त्यानंतर मी स्वतः ‘सिस्टिम इन्फर्मेशन’चे पान उघडले आणि दिरांच्या फोटोशी ताडून पाहिले. फर्मवेअरचा क्रमांक अक्षरशः तोच होता. दोनदा पैसे घेऊन ‘मारलेले’ सॉफ्टवेअर एकदाही टाकलेले नव्हते. आमच्या परिचयाच्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिकांना प्लेअर दाखवला, तेव्हा त्यांनी तो उलटा करून टॉर्चच्या उजेडात झाकणाचे स्क्रू दाखवले. कारखान्यात स्क्रूवर लावलेले लाल रंगाचे ठिपके जसेच्या तसे होते, एकालाही चीर नव्हती. झाकण न उघडता लेन्स बदलता येत नाही. म्हणजे लेन्सचे पैसेही न केलेल्या कामाचेच घेतले होते.

मग डीव्हीडी कशी चालली? डीव्हीडीचे रीजन अनेक प्लेअरमध्ये रिमोटवरील ठरावीक बटणे दाबून बदलता येते आणि ही युक्ती दुरुस्तीवाल्यांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे. भारत डीव्हीडीच्या 5 क्रमांकाच्या रीजनमध्ये येतो, अमेरिका 1 क्रमांकाच्या. दुकानदाराने तेवढे बदलून दाखवले आणि साऱ्या कामाचा पुरावा म्हणून तेच पुढे केले. ब्लू-रेची विभागणी मात्र वेगळी आहे. त्यात अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’मध्ये, तर भारत, चीन आणि रशिया ‘सी’मध्ये येतात. कंपनीचे अधिकृत फर्मवेअर कितीही नवे टाकले, तरी प्लेअरचे ब्लू-रे रीजन त्याने बदलत नाही. त्यामुळे ‘अपडेट करून ऑल रीजन करतो’ असे कोणी म्हटले, की तिथेच सावध व्हावे. डिस्कच्या वेष्टनावर मागील बाजूस बारीक चिन्हात ए, बी किंवा सी छापलेले असते. तीनही अक्षरे असतील तर ती डिस्क इथेही चालते. फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कना तर रीजनचे बंधनच नाही, पण त्यासाठी प्लेअरही फोर-केचाच लागतो. परदेशातून नातेवाईक डिस्क आणणार असतील, तर त्यांना हे आधीच कळवावे.

लोडिंगवर अडकलेल्या त्या एका डिस्कला मात्र खरोखरच फर्मवेअर हवे होते. अनेक ब्लू-रे डिस्कचे मेनू म्हणजे जावा या संगणकीय भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम असतात आणि नक्कल रोखण्याच्या प्रणालीही 2006 पासून बदलत आल्या आहेत. जुन्या प्लेअरला नव्या डिस्कवरील या गोष्टी उलगडत नाहीत, आणि म्हणून उत्पादक कंपन्या फर्मवेअर काढतात. ते त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. प्लेअरच्या मागील बाजूचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासह जुळवून फाइल उतरवून घ्यावी, सूचनेप्रमाणे पेन ड्राइव्हवर घालावी आणि अपडेट पूर्ण होईपर्यंत प्लेअर बंद करू नये. मध्येच वीज गेली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते, त्यामुळे भारनियमनाची वेळ टाळावी. प्लेअर इंटरनेटला जोडता येत असेल, तर मेनूतूनच हे काम होते. आम्ही घरीच अपडेट केले आणि ती डिस्क त्याच संध्याकाळी पूर्ण पाहिली. उरलेल्या डिस्क ‘ए’ रीजनच्या आहेत आणि या प्लेअरवर त्या चालणार नाहीत, हे दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगता आले असते.

लेन्सबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्लू-रेसाठी निळसर जांभळा लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी लाल. लेन्स खरोखर दुबळी झाली, तर त्या प्रकारच्या सगळ्याच डिस्क अडखळू लागतात, आधी चालणाऱ्यासुद्धा. काही ठरावीक डिस्कच चालत नसतील आणि बाकीच्या स्वच्छ चालत असतील, तर लेन्सवर संशय घेण्याचे सहसा कारण नसते. तरीही बदलायची वेळ आलीच, तर काढलेला जुना भाग परत मागावा आणि पक्के बिल घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

चिठ्ठीचा फोटो, फर्मवेअरच्या क्रमांकाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, स्क्रूवरील ठिपक्यांचे जवळून घेतलेले फोटो आणि यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने कराराचे 1,500 रुपये परत केले. लेन्स आणि सॉफ्टवेअरच्या पैशांबाबत तो अजूनही काम केल्याचेच सांगतो आहे. त्या रकमेसाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून कोणी मागे हटण्याचे कारण नाही.