विंडी ॲप: मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने जाणाऱ्यांच्या कामाचं आहे का?

दिवाळी झाली की आमच्यातल्या बोटवाल्यांचा एकच प्रश्न, विंडीला पैसे भरू का फुकटवालं चालेल? तर फक्त कोकण किनाऱ्यापुरतं लिहितोय, पॅराग्लायडिंगवाल्यांनी आपापलं बघावं.

पहिली गोष्ट, विंडी हे हवामानाचं ॲप, ही झेक कंपनी २०१४ पासून नकाशावर वारा दाखवते, पण मूळ अंदाज दुसऱ्यांच्या कॉम्प्युटर मॉडेलचे असतात. युरोपियन मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत बघतं, म्हणजे तेवढ्या चौकोनाचा एकच अंदाज, अमेरिकन जीएफएस मॉडेल २२ च्या आसपास. मी दोन्ही आलटून पालटून बघतो, दोघं एकच बोलत असतील तर निघायची तयारी, भांडत असतील तर अजून एक दिवस मांडव्यालाच बोंबील खात बसायचं, काही बिघडत नाही.

माझ्यासाठी पैसावसूल भाग म्हणजे लाटांचा लेयर. हिवाळ्यात आपल्याकडे वाऱ्याचं एवढं टेन्शन नसतं, रात्रीची झोप मोडते ती लांबून येणाऱ्या फुगाट्याने म्हणजे स्वेलने, आणि विंडी तो वाऱ्याच्या लाटांपासून वेगळा काढून उंची, दिशा आणि किती सेकंदांनी येतोय ते सगळं दाखवतं. नुसती उंची बघून खूश होऊ नका राव, अर्धा मीटर सहा सेकंदांचा आणि अर्धा मीटर चौदा सेकंदांचा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नैऋत्येकडून असा लांब स्वेल असताना मुरूडच्या उघड्या किनाऱ्यासमोर नांगर टाकलात तर रात्रभर पाळणा. त्यापेक्षा राजपुरी खाडीत आत सरका, किंवा पुढचा टप्पा लांबवून जयगड गाठा. विजयदुर्गला किल्ला ओलांडून आत गेलं की पाणी शांत, देवगडचं बंदर तर जवळजवळ सगळीकडून झाकलेलं. कुठल्या रात्री कुठे थांबायचं हे मी हल्ली वाऱ्यावरून नाही, स्वेलवरूनच ठरवतो.

आता वारा. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे जमिनीवरून मतलई, मग सकाळी कधीतरी सगळं ठप्प, दुपारी वायव्येचा खारा वारा चढतो. गोव्याला जाताना तो पाठीवर, परत येताना तोच थेट तोंडावर, म्हणून परतीला पहाटेच निघून मतलई संपायच्या आत जमेल तेवढं अंतर कापायचं. विंडीत हे चित्र ढोबळ दिसतं, पण ९ किलोमीटरच्या चौकटीला ना खाडी दिसते ना कडा, त्यामुळे वारा नक्की कधी फिरणार हे विचारायचंच नाही. फुकटात तीन-तीन तासांचे आकडे, पैसे भरले की तासातासाचे, पण चौकट तीच राहते ना! वर्षातून एकदा गोव्याला जाणाऱ्याला फुकटवालं पुरे, दर शनिवारी बोट काढणाऱ्यांनी भरा.

भरतीसाठी मी ॲप उघडतच नाही, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईत किती वाजता भरती ते बऱ्यापैकी निघतं. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, गोव्यात जेमतेम दोन, त्यामुळे नांगराची चेन किती सोडायची हे उत्तरेकडे जास्त जपून. आणि कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे समुद्रात रोवलेले खांब कुठलंच ॲप दाखवत नाही, ते बंदरावरच्या कोळी दादांनाच विचारायचं, रात्री तर नक्कीच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे-जूनला मात्र नुसत्या विंडीवर निघू नका. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ आठवा, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. अशा दिवसांत हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा आधी, विंडी नंतर. दरवर्षी कोणीतरी विंडीतलं नवव्या दिवसाच्या अंदाजाचं जांभळं भोवऱ्याचं चित्र व्हॉट्सॲपवर फिरवतं आणि घरच्यांची झोप उडवतं, पाच दिवसांपलीकडचं मी तरी मनावर घेत नाही.

इंटरफेस झकास, वाऱ्याचं एकक बदलून नॉट्स म्हणजे ताशी सागरी मैल करून घ्या. किनारा सुटला की नेटवर्क जातं, म्हणून नांगर उचलायच्या आधी पुढच्या दोन दिवसांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि ते पळणाऱ्या वाऱ्याच्या रेषांचं ॲनिमेशन बंद करा, बॅटरी खातं.

पाचपैकी चार.