एकत्र, हाकेच्या अंतरावर की दोन शहरांत? नाशिकमध्ये घर ठरवताना

पंचविशीतल्या मुलाला जे घर सोयीचं वाटतं, ते त्याच्या सत्तरीतल्या आईला सोयीचं असेलच असं नाही. तरी आपल्याकडे घर एकदाच ठरतं, आणि बहुतेक वेळा लग्नाच्या घाईत ठरतं. नाशिकमध्ये साधारण तीन वाटा समोर असतात. सगळे एका घरात, जवळजवळ दोन बिऱ्हाडं, किंवा आईवडील इथे आणि मुलं पुण्या-मुंबईला. कोणाला काय मानवेल हे वयावर फार अवलंबून आहे, म्हणून ही तुलना वयाच्या अंगाने करतो.

नोकरी नुकती लागलेली असेल, सातपूर-अंबडला कंपनीत जायचं असेल आणि लग्न झालेलं नसेल, तर घरीच राहा. भाडं आणि डबा वाचतो, त्यातून पुढच्या घराचं डाउन पेमेंट उभं राहतं. फक्त घरखर्चाला दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या. कमावत्या मुलीलाही हेच लागू. तिचे पैसे 'लग्नासाठी ठेव' म्हणून बाजूला काढायचे आणि मुलाकडून मात्र खर्च घ्यायचा, हे मला पटत नाही.

खरा पेच तिशी ते पंचेचाळिशीत. पंचवटी, रविवार पेठेतल्या वाड्यांत ओटा होता, चौक होता, माडी होती. रुसलेल्या माणसालाही बसायला जागा मिळायची. इंदिरानगरच्या टू बीएचकेमध्ये चार मोठी माणसं आणि दोन मुलं असली की एकाची बातम्यांची वेळ आणि दुसऱ्याचा अभ्यास एकाच हॉलमध्ये येतो. एकत्र राहण्याचा मोठा फायदा म्हणजे मुलांचं संगोपन. दोघं नोकरी करत असतील तर आजी-आजोबा घरात असण्यासारखं पाळणाघर नाही. पण आजीची पासष्टी उलटल्यावर दोन वर्षांच्या नातवामागे दिवसभर धावणं ही मायेइतकीच मेहनतही आहे. तिला विचारल्याशिवाय ते गृहीत धरू नका.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे: दोन चुली, पण पायी दहा मिनिटांत. सिडकोतल्या एका ओळखीच्या घरात खाली आईवडील आणि वर मुलगा-सून राहतात. जिना बाहेरून, विजेचं मीटर वेगळं, गॅस वेगळा. संध्याकाळी भाजीची वाटी झाकून वर जाते, सकाळी तीच धुऊन खाली येते. दोन्ही घरांच्या किल्ल्या दोन्हीकडे आहेत, पण बेल वाजवल्याशिवाय कोणी आत शिरत नाही. सासू-सुनेचं भांड्याला भांडं लागलं तरी रात्री दोघींना आपापलं दार लावून घेता येतं. हे सगळ्यांना परवडत नाही, कारण दोन घरांचा मेंटेनन्स, घरपट्टी, फ्रिज, सगळंच दुप्पट. तरी एका मोठ्या थ्री बीएचकेऐवजी त्याच भागात दोन वन बीएचके घेता येतात का, याचा हिशोब जरूर करा. एक घर गंगापूर रोडला आणि दुसरं नाशिकरोडला घेऊन 'जवळच तर आहे' म्हणण्यात अर्थ नाही. मध्ये द्वारका चौक आहे, आणि तिथली कोंडी रात्रीच्या आजारपणातही सोडत नाही.

तिसरी वाट बरेच जण नाइलाजाने धरतात. मुलं पुण्यात, आईवडील इथे. नाशिक-पुणे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, सिन्नर-संगमनेरमार्गे पाच तास धरून चालायचं. साठी ते बहात्तरीत ही व्यवस्था उत्तम चालते. सकाळी जॉगिंग ट्रॅक, भजनी मंडळ, जुने शेजारी, सगळं आपलं असतं. एसटीचं तिकीट 65 नंतर अर्धं आणि 75 नंतर मोफत, त्यामुळे जाणं-येणंही जड जात नाही. सरकारच्याच ज्येष्ठांविषयीच्या पाहणीनुसार (2017-18) देशात साठीपुढच्या शंभरातले साधारण सहा जण एकटे राहतात. दोघांपैकी एक गेला की दुसरा त्या सहांत येऊ शकतो, आणि तेव्हाचा विचार आत्ताच करायला हवा. ऐंशीपुढच्या एकट्या माणसाला पुण्याच्या बाराव्या मजल्यावर नेलं तर औषधं वेळेवर मिळतात, पण बोलायला कोणी नसतं. शक्य असेल तर मुलांपैकी कोणीतरी नाशिकला परत यावं. तेही जमत नसेल तर चांगलं वृद्धनिवास निवडण्यात कमीपणा नाही. मात्र तिथे आधी महिनाभर राहून बघावं, आणि निर्णय राहणाऱ्याचा असावा.

तिन्ही वाटांवर घात होतो तो कागदांमुळे. महाराष्ट्रात राहतं घर मुलामुलीला बक्षीसपत्राने द्यायला मूळ मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे, म्हणून 'आत्ताच नावावर करून टाका' असा आग्रह होतो. आईवडिलांनी ही घाई करू नये. मृत्युपत्र पुरतं, आणि ते हयातीत केव्हाही बदलता येतं. द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अट मोडली तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेलीच नसेल तर भांडण लांबतं. वरचा मजला मुलाच्या कर्जातून बांधणार असाल तर तो कोणाचा, हे बहिणीला समोर बसवूनच ठरवा.

आणि जुनं घर विकून मोकळं होण्याआधी, ज्या भागात जायचं त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. त्या काळात एक दिवाळी, मुलांची परीक्षा आणि घरातलं एखादं आजारपण येऊन जाईल. मग घर बघायला निघा.