डब्ल्यूएसयूएस ऑफलाइन अपडेट: नेट नसलेल्या कॉम्प्युटरसाठी अपडेटची डीव्हीडी

माझ्या मावसभावाकडे एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याला निगेटिव्ह स्कॅन करायचा स्कॅनर जोडलेला आहे आणि त्या स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे आलाच नाही. त्यामुळे तो कॉम्प्युटर विंडोज ७ वरच राहणार आणि नेटला कधीच लागणार नाही, हे आम्ही आधीच ठरवलेलं. हार्ड डिस्क गेली की नवीन टाकायची, विंडोज परत भरायचं, इथवर ठीक, पण पुढची सगळी अपडेट आणायची कुठून? त्यासाठी मी डब्ल्यूएसयूएस ऑफलाइन अपडेट वापरतो. आत्तापर्यंत दोनदा सगळं इन्स्टॉलेशन त्याच्यावर केलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

हे टूल फुकट आहे, ओपन सोर्स आहे. जर्मनीतल्या सी-टी नावाच्या कॉम्प्युटर मासिकाच्या ऑफलाइन अपडेट प्रोजेक्टमधून ते आलं, टॉर्स्टन विट्रॉक यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि नंतर कम्युनिटी एडिशन म्हणून इतर लोकांनी पुढे नेलं. डाउनलोड करताना एक बघा, विंडोज ७ हवं असेल तर ११.९ वालं व्हर्जन घ्यायचं, १२ मध्ये ७ काढून टाकलंय. पुष्कळ जण सगळ्यात नवीन नंबर बघून घेतात आणि मग यादीत ७ दिसत नाही म्हणून शोधत बसतात.

काम दोन भागांत होतं. नेट असलेल्या कॉम्प्युटरवर अपडेटजनरेटर चालवायचा, कुठलं विंडोज, ३२ बिट की ६४ बिट ते टिक करायचं, खाली डॉट नेट आणि सी प्लस प्लस रनटाइमचं (इतर प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फायलींचं) टिक आहे तेही करून टाका कारण जुनी सॉफ्टवेअर हमखास त्यावरच अडतात, मग आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाईल) बनवायचं टिक करून स्टार्ट, आणि ती आयएसओ डीव्हीडीवर लिहायची. फायली थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून येतात, मधे तिसरं कुणी नाही, ही मला यातली सर्वात मोठी जमेची बाजू वाटते. 'डाउनलोड झालेली अपडेट तपासा' हे टिक चुकूनही काढू नका. दुसरा भाग म्हणजे त्या डिस्कवरचा अपडेटइन्स्टॉलर. तो ऑफलाइन कॉम्प्युटरवर चालवला की सोबतच्या कॅटलॉगशी (मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या यादीशी) ताडून काय कमी आहे ते आधी शोधतो, ह्याला वेळ लागतो, घाबरून बंद करू नका. मग काळ्या खिडकीत एकेक करून टाकत जातो. मध्ये रीस्टार्ट लागतोच, तेव्हा 'आपोआप रीबूट करून पुन्हा सुरू' हा पर्याय निवडला असेल तर तो तात्पुरतं डब्ल्यूओयूटेम्पअॅडमिन नावाचं अकाउंट बनवून स्वतःच लॉगिन होतो आणि काम पुढे चालू ठेवतो. मध्येच लाइट गेली किंवा तुम्ही बंद केलं तर ते अकाउंट तसंच राहू शकतं, म्हणून शेवटी युजर अकाउंटमध्ये जाऊन एकदा बघाच. काय झालं काय नाही याची लॉग फाईल विंडोजच्या फोल्डरमध्ये मिळते.

पेनड्राइव्ह असताना डिस्क कशाला, असं सगळेच विचारतात. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नाही, ताज्या इन्स्टॉलेशनवर निळ्या पोर्टला लावलेला पेनड्राइव्ह दिसतच नाही, आणि डीव्हीडी ड्राइव्ह मात्र बिनतक्रार चालतो. शिवाय एकदा लिहिलेल्या डीव्हीडीवर कुठलाही व्हायरस काही लिहू शकत नाही. मी तर त्याच डिस्कवर नेटवर्क, चिपसेट आणि स्कॅनरचे ड्रायव्हर पण टाकतो, कारण नेमके तेच ऐनवेळी सापडत नाहीत.

आता माझी चूक सांगतो. पहिली डिस्क मी घाईत १६ एक्स स्पीडने लिहिली आणि व्हेरिफाय (लिहिलेलं नीट वाचता येतं का ते तपासणं) न करता कपाटात ठेवून दिली. सहा महिन्यांनी जुन्या ड्राइव्हमध्ये घातली तर निम्म्याच्या पुढच्या फायली वाचताना ड्राइव्ह घरघर करत अडकायला लागला. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे शेवटच्या फायली कडेला येतात आणि बोटांचे डाग, ओरखडे पण तिथेच जास्त. तेव्हापासून ४ किंवा ८ एक्सनेच, लिहून झालं की व्हेरिफाय, आणि डिस्क एकदा खरोखर त्याच जुन्या ड्राइव्हमध्ये उघडून बघायची. ४.७ जीबीची डिस्क विंडोजला ४.३८ च दिसते हेही लक्षात ठेवा, डॉट नेट धरून हिशोब वर गेला तर ड्युअल लेयर (दोन थरांची, जास्त मावणारी) डिस्क लागते, पण तिला आधी तुमचा जुना ड्राइव्ह वाचतो का बघा.

मर्यादा पण सांगायला हव्यात. टूलच्या कॅटलॉगमध्ये सिक्युरिटी अपडेट, रोलअप आणि सर्व्हिस पॅक (म्हणजे अनेक अपडेटचे एकत्र गठ्ठे) एवढंच असतं, बाकीचे बारीकसारीक फिक्स त्यात येत नाहीत. तसलं काही हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या वेबसाइटवर केबी नंबर (अपडेटचा ओळख क्रमांक) टाकून हाताने उतरवायचं. विंडोज ७ साठी केबी ३१२५५७४ हा मोठा रोलअप फार कामाचा, सर्व्हिस पॅक १ पासून एप्रिल २०१६ पर्यंतची बहुतेक अपडेट एकाच फाईलमध्ये, ६४ बिटची फाईल ५०० एमबीच्या आतच आहे. पण त्याच्याआधी केबी ३०२०३६९ टाकावा लागतो, नाहीतर तो बसतच नाही. आणि २०१९ नंतरच्या अपडेटवर एसएचए-२ ही नवी डिजिटल सही असते, ती विंडोज ७ ला ओळखता यावी म्हणून केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ पण हवेत. विंडोज १० ला एवढा खटाटोप लागत नाही, तिथे शेवटच्या क्युम्युलेटिव्ह अपडेटमध्ये आधीचं सगळं येतं, एखाद-दोन फायलींत काम होतं. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये मात्र चेकपॉइंट अपडेट (पुढच्या अपडेटच्या आधी लागणारे मधले टप्पे) आलेत, त्या वेबसाइटवर डाउनलोड दाबलं की दोन-दोन फायली दिसतात, त्या दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या.

ज्याच्याकडे असा एखादा ऑफलाइन कॉम्प्युटर आहे त्याने हे टूल वापरावंच, आणि आज, मशीन चालू असतानाच. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने डाउनलोड सेंटरवरून एसएचए-१ या जुन्या सहीच्या फायली काढून टाकल्या. आज मिळतंय ते पुढेही मिळेल असं धरून चालू नका. मावसभावाच्या डिस्कच्या दोन कॉप्या आहेत, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने तारीख लिहिलीय, आणि पाकिटात कागदावर कुठलं केबी आधी आणि कुठलं नंतर ते लिहून ठेवलंय. मागच्या वेळी त्याने मला फोन न करता सगळं एकट्यानेच केलं, रात्री स्कॅनर चालू झाल्याचा फोटो तेवढा पाठवला.