रेट्रोसाठी काय निवडाल: शिडाची होडी की स्टार्ट-स्टॉप-कंटिन्यू?

रेट्रो म्हणजे स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) संपल्यावर काय जमलं, काय नाही हे टीमने मिळून पाहायची बैठक. ती घ्यायचे हे दोन प्रकार. स्टार्ट-स्टॉप-कंटिन्यूला तयारी जवळपास लागतच नाही. तीन रकाने (काय सुरू करायचं, काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं), दहा मिनिटं न बोलता लेखन, मग चर्चा. ४५ मिनिटांत आटोपतं. टीम नवी असेल तर हेच घ्या. अडचण एवढीच की लोक थेट उपायावर उडी मारतात. ‘कोड रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं) लवकर करा’ अशी चिठ्ठी येते, पण उशीर का होतो हे कुणी विचारत नाही. मग काही स्प्रिंटनंतर त्याच चिठ्ठ्या परत येतात.

होडीच्या चित्रात बेट म्हणजे ध्येय, वारा पुढे नेणारा, नांगर अडवणारा आणि खडक म्हणजे पुढचे धोके. आमच्या मते खडकांसाठीच ही थीम वापरावी. तोंडावर आलेलं रिलीज, टेस्टिंग एकहाती सांभाळणाऱ्याची रजा, हे तीन रकान्यांत सहसा सुटून जातं. याला पूर्ण तास ठेवा: ५ मिनिटं चित्र समजावायला, १० लेखनाला, १५ सारख्या चिठ्ठ्या एकत्र करायला, ५ मतदानाला (प्रत्येकी ३ ठिपके), उरलेली २५ वरच्या दोन विषयांना. बेट आधी एका वाक्यात लिहून घ्या. ते मोघम राहिलं तर नांगर नेमका कशाला अडवतोय तेच ठरत नाही. नांगर आणि खडक यांची गल्लत हमखास होते: नांगर आज अडवतोय, खडक अजून लागायचाय.

प्रकार कोणताही असो, कामं दोनच ठरवा, प्रत्येकावर एकाचं नाव घाला आणि ती पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये (त्या स्प्रिंटच्या कामांच्या यादीत) टाका.