मोफत विधी सेवा केंद्र, तालुका न्यायालय : एक अभिप्राय
रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या तालुका न्यायालयाच्या मोफत विधी सेवा केंद्रात शेजारच्या काकूंसोबत गेले होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो, हे तिथल्या ताईंनी शांतपणे समजावले आणि सार्वजनिक विहिरीवर अडवल्याची काकूंची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून, वाचून दाखवून मगच अंगठा घेतला. अशी आस्था दुर्मीळ आहे. उणीव मात्र गंभीर आहे : अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ मधील पीडित व साक्षीदारांच्या प्रवासखर्चाची माहिती कुठेही लावलेली नव्हती. खाडीपलीकडून तरीने, मग एसटीने, मजुरी बुडवून येणाऱ्यांचे तिथेच अडते. पुढील धोरणात विधी स्वयंसेवकांची वाडीभेट बंधनकारक करावी. तोवर मोफत विधी सेवेचा १५१०० हा मदत क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर तरी लावावा.