मायक्रोब्लेडिंगची 'लाईफटाईम गॅरंटी' आणि दोन हजारांची सीरमची बाटली

ठाण्यात कुणी आयब्रोचं मायक्रोब्लेडिंग, म्हणजे बारीक ब्लेडने भुवईच्या स्किनमध्ये रंग भरून घेणं, करायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा प्लीज. पार्लरचं नाव इथे टाकत नाहीये कारण तक्रार चालू आहे, पण नौपाड्यातलं आहे, आणि अशी बरीच असतील.

मला पॅकेज सांगितलं १८ हजारांचं, लाईफटाईम गॅरंटीसकट. अहो, मायक्रोब्लेडिंगला लाईफटाईम गॅरंटी असूच शकत नाही, रंग साधारण वर्ष-दोन वर्षं टिकतो आणि तेलकट स्किनवर त्याहून कमी, हे मला नंतर स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं. काम झाल्यावर पैसे देताना काउंटरवरची मुलगी म्हणते, ताई आमचं कलर लॉक सीरम घ्यावंच लागेल, नाहीतर गॅरंटी व्हॅलिड नाही. दोन हजार रुपये, एवढीशी बाटली, रोज रात्री भुवयांवर लावायची आणि संपली की परत त्यांच्याकडूनच घ्यायची.

सुरुवातीला भुवया गडद दिसल्या, मग बारीक खपल्या निघाल्या, रंग हलका झाला, एवढं नॉर्मल असतं. पण पुढे रंग टिकायलाच तयार नाही, डावी भुवई तर शेपटीकडे जवळजवळ गेली आणि जो उरला तो राखाडी-निळसर. फोन केला तर उत्तर काय, ताई तुम्ही लोकलने जाता ना, घाम येतो, तुम्ही केअर घेतली नाही. म्हणजे चूक माझी आणि टचअपचे वेगळे ६ हजार! गॅरंटीचं विचारलं तर म्हणे ती फक्त 'शेप'ची आहे.

आता मुख्य गोष्ट. बाथरूममधल्या ओलीने त्या बाटलीवरचं त्यांचं गुलाबी लेबल कोपऱ्यातून सुटलं, मी नखाने ओढलं तर खाली दुसरंच लेबल, कुठल्यातरी साध्या फेस सीरमचं, एमआरपी ३४९, आणि घटकांमध्ये पाण्यानंतर लगेच ग्लायकोलिक ॲसिड. डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी कपाळालाच हात लावला. ग्लायकोलिक ॲसिड स्किनचा वरचा थर काढतं, रेटिनॉल (क्रीममधलं व्हिटॅमिन ए) स्किन लवकर नवी करतं, मायक्रोब्लेडिंगवर ही दोन्ही लावली तर रंग लवकर उडतो. रंग टिकवायला म्हणून विकलेली बाटलीच रंग घालवत होती!! आणि निळसर झाकेबद्दल म्हणाल्या की पिगमेंट जास्त खोल गेलं की असं होतं, ते करणाऱ्याच्या हातावर आहे, तुम्ही घरी काहीही लावलं असतं तरी ते सुधारलं नसतं.

खरी काळजी फार महाग नसतेच हो. पहिले दहा-पंधरा दिवस खपली खरवडायची नाही, आपोआप पडू द्यायची, स्विमिंग, स्टीम, जिमचा घाम टाळायचा, त्यावर मेकअप नाही, करणारीने सांगितलेलं साधं मलम अगदी पातळ. जखम पूर्ण भरल्यावर उन्हात जाताना सनस्क्रीन, कारण उन्हाने रंग फिका पडतो. फेशियल किंवा पील करताना पार्लरवालीला भुवया सोडायला सांगायच्या. टचअप दीड-दोन महिन्यांनी लागतोच, म्हणून तो पॅकेजमध्ये आहे का हे आधीच लिहून घ्या. आणि ब्लेडचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, पिगमेंटच्या बाटलीचा फोटो काढून ठेवा, नाही म्हणाले तर उठून या सरळ.

बिल मागितलं तर मला नुसती चिठ्ठी दिली होती. बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत येतं. मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीय, तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. यूपीआयची पावती, व्हॉट्सॲप चॅट आणि बाटलीचे दोन्ही लेबलांचे फोटो माझ्याकडे आहेत. ठाण्यात कुणाला अशीच गुलाबी लेबलची बाटली मिळाली असेल तर आधी लावणं बंद करा, लेबल सोलून बघा आणि फोटोसकट मला मेसेज करा, तक्रारीला जोडता येईल.