मॅक्रो लेन्समधला स्टॅबिलायझर: नऊ महिने, एक बिघाड आणि २,८०० रुपयांचं शहाणपण

कॅमेऱ्यावरून काढलेली लेन्स हलवली की आत खुळखुळ वाजते. पहिल्या दिवशी वाटलं, कुरिअरवाल्यानं आपटली. मग कळलं की स्टॅबिलायझरचा, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचा, भिंगांचा गट वीज नसताना आत सैल असतो, म्हणून वाजतो, बिघाड नाही. कळलं तरी पटलं नाही. आमच्या गावाहून आर्वीपर्यंतचा रस्ता ज्यांनी फटफटीवर काढला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लेन्स ९० ते १०५ मिमीच्या घरातली, एकास एकपर्यंत जाणारी (म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटवणारी), क्रॉप म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीवर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं सर्व्हिस सेंटरचं रामायण आहे आणि मला वाद नको. माझा प्रश्न एकच होता. बिनस्टॅबिलायझरची जुनी आवृत्ती सेकंडहँडमध्ये बारा हजारांनी स्वस्त मिळत होती. ते बारा हजार वसूल झाले का?

जूनमध्ये घेतली, मिरगाच्या तोंडावर. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर मखमली लाल मिरगाचे किडे निघाले आणि मी चिखलात कोपर टेकून बसलो. शटर अर्धं दाबलं की आतून बारीक गुरगुर येते आणि व्ह्यूफाइंडरमधलं थरथरणारं चित्र एकदम जागेवर बसतं. तेव्हा वाटलं, पैसे वसूल! घरी येऊन संगणकावर पाहिलं तर किडा लालभडक धूसर गोळा. स्टॅबिलायझरनं माझा हात धरला, पण किडा चालत होता, त्याला कोण धरणार?

जुलै-ऑगस्टात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीतही तेच. पानाच्या खालच्या बाजूला तुडतुड्यांची पिल्लं तिरकी पळतात, खेकड्यासारखी. पान उलटं करून डाव्या हातात धरायचं, उजव्या हातात कॅमेरा, आणि वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावरून विचारत, "काय जी मास्तर, काही हरपलं काय?" हरपलेलं असायचं ते फोकस.

त्याचं गणित असं. क्रॉप सेन्सरवर एकास एकला लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं तर शार्प पट्टा जेमतेम अर्धा-पाऊण मिलीमीटर. माणूस श्वास घेतो तेवढ्यात मागंपुढं त्याहून जास्त हलतो. स्टॅबिलायझर कोनातलं हलणं पकडतो, बऱ्याच नव्या लेन्समध्ये वर-खाली, डावी-उजवीकडं सरकणंही पकडतो, पण मागंपुढं डोलण्याला त्याच्याकडं उत्तर नाही. मॅक्रो लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा निकॉननं २००६ साली १०५ मिमीमध्ये आणली, ती कोनापुरती. सरकणंही धरणारी लेन्स कॅननची १०० मिमी, २००९ ची. त्यात कॅननचाच दावा होता, नेहमीच्या अंतराला चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), अर्ध्या आकाराला तीन, एकास एकला दोन. आता बघा, एकास एकला लेन्स लांबवल्यावर दोन स्टॉप उजेड असाही जातो. म्हणजे जेवढं गेलं तेवढंच हातात. फिटंफाट. बारा हजार फिटंफाट करायला मोजले की काय, असं मला सप्टेंबरात वाटत होतं.

दिवाळीच्या आधी लेन्सनं स्वतःच निकाल दिला. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या) बोंडअळीचे पतंग वाढले होते, म्हणून डोमकळ्या शोधत होतो. गुलाबी बोंडअळी आत असली की कपाशीचं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंफून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. अशी एक डोमकळी उकलली, आत दाण्याएवढी अळी, अजून नीट गुलाबीही न झालेली. शटर अर्धं दाबलं आणि चित्र उड्या मारू लागलं. एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून पेपर वाचावा तसं. स्विच बंद केला तर शांत.

वॉरंटीत होती. पाठवली. अठरा दिवसांनी उत्तर, "आघातामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही, अंदाजित खर्च १४,२०० रुपये." आघात? अंगावर ओरखडा नाही, फिल्टरची कड वाकलेली नाही. मी चारी बाजूंनी काढलेले फोटो पाठवले. त्यांनी तीच दोन वाक्यं परत पाठवली. फोनवरच्या पोरीला म्हटलं, "ताई, पडली असती तर मी स्वतःच सांगितलं असतं." ती म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तसंच येतंय." शेवटी दुरुस्ती न करता परत मागवली. त्याचेही ५९० रुपये तपासणी शुल्क, जीएसटीसकट. पावती जपून ठेवली आहे, रागापोटी.

फटफटीचा संशय मात्र माझा मलाच होता. २०२१ मध्ये ॲपलनंच त्यांच्या फोनबद्दल बजावलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्यातला स्टॅबिलायझर बिघडू शकतो. तो फोनचा विषय, मान्य. पण माझी लेन्स पाच महिने टाकीवरच्या बॅगेत होती.

नोव्हेंबर-डिसेंबर मग स्विच बंद ठेवूनच काढले, आणि इथं माझं मत फिरलं. वेफरचा रिकामा डबा कापला, आतून चंदेरी होताच, तोंडाला बटर पेपर लावला आणि फ्लॅशवर चढवला. एफ ११, शटर १/१६० सेकंद, आयएसओ २००. फ्लॅश कमी ताकदीवर असला तर त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपतो, तेवढ्यात हातही हलत नाही आणि तुडतुडाही. एकास एकला इतके शार्प फोटो मला आधी कधी मिळाले नव्हते. डाव्या हाताचा अंगठा पानाच्या देठाला आणि लेन्सची कड त्या अंगठ्यावर, बस. खर्च वीस रुपये, आणि वेफर पोरांनी खाल्ले. त्या दिवसांत मी दोघा-तिघांना छातीठोक सांगितलं की मॅक्रोला स्टॅबिलायझर म्हणजे शुद्ध थोतांड, जुनी लेन्स घ्या.

त्यांची आता माफी मागायची आहे. अर्धी तरी.

जानेवारीत नागपूरला लग्नाला गेलो तेव्हा सीताबर्डीत एका जुन्या कारागिराकडं लेन्स टाकली. त्यानं चष्म्यावर चष्मा लावून उघडली आणि आतली रिबन केबल दाखवली, घडीवर तडा गेलेली. २,८०० रुपये, चार दिवस. आघात वगैरे काही दिसत नाही म्हणाला.

परत आली तेव्हा हरभरा घाट्यावर होता. सकाळी साडेसहाला वावरात गेलो. थंडीनं टाचण्या, म्हणजे चतुराच्या जातीतले सुईसारखे बारीक किडे, गारठून काड्यांना लटकलेल्या होत्या, पंखांवर दव. वारा शून्य. इथं फ्लॅश मारला तर दवाच्या प्रत्येक थेंबात पांढरा ठिपका बसतो, सगळी मजा जाते. एकास एकही नको, अख्खी टाचणी चौकटीत हवी, म्हणजे अर्ध्या आकाराच्याही आतच. शटर १/४० सेकंद, आयएसओ ८००, हातात. पाचातले चार शार्प. स्विच बंद करून तेच काढले तर पाचातला एक. ट्रायपॉड रोवायला गेलो असतो तर हरभऱ्याला धक्का लागून दव खाली आणि टाचणी उडून गेली असती. घाट्याला भोक पाडून अर्धी आत, अर्धी बाहेर असलेली घाटेअळीही अशीच मिळाली, ती खाण्यात इतकी गुंग की हलतच नव्हती.

आणि एक गोष्ट दोन महिने न मिळाल्यावरच कळली. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर असलं की किड्याच्या डोळ्यावर फोकस नेमका कधी येतो ते दिसतं. फोटोला उपयोग होवो न होवो, वय पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाच्या नजरेला होतो.

तर माझ्यापुरता हिशेब असा, फक्त बोंडअळी, मावा, तुडतुडे करणार असाल आणि फ्लॅश वापरायची तयारी असेल तर बारा हजार वाचवा. पहाटेचं दव, फुलपाखरं, टाचण्या, सावलीतली रानफुलं करणार असाल तर द्या. ट्रायपॉडवर मी स्विच बंदच ठेवतो. बॅटरी थोडी जास्त जाते, तक्रार करण्याइतकी नाही.

खुळखुळ अजून आहे. आता फटफटीवर जाताना लेन्स दुपट्ट्यात गुंडाळून मागं बसलेल्या बायकोच्या मांडीवर असते. खड्डा आला की ती आधी लेन्स वर उचलते, मग मला बोलते.